दराची पाटी भिंतीवर लावा

मा. जिल्हाधिकारी, जळगाव
मा. जिल्हाधिकारी, धुळे
यांस

विषय : एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय यांचे दर लोकांना आधी कळण्याबाबत.

मी पारोळ्याची. आमचं गाव महामार्गावर अशा जागी आहे की धुळं पस्तीसेक किलोमीटर आणि जळगाव साठेक. दुखणं तालुक्यात आवरलं नाही की माणूस स्टँडवर येतो आणि जी एसटी आधी लागेल तिच्यात बसतो. कागदोपत्री आम्ही जळगाव जिल्ह्याचे, आजारपणात अर्धे धुळ्याचे. म्हणून हे पत्र आपणा दोघांना एकत्र लिहिते आहे.

बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. या काळात किती पालकांच्या हातात त्या मोठ्या पांढऱ्या पाकिटातली फिल्म पाहिली, त्याला गणती नाही. "बाई, यात काय लिहिलंय ते वाचून सांगा ना," म्हणून ती माणसं शाळेच्या ओट्यावर येऊन बसायची. मला त्यातलं इंग्रजी वाचता यायचं, अर्थ सांगता यायचा नाही. पण पाकिटासोबतची पावती मी वाचायचे, आणि तीच मनात राहायची.

दोन वर्षांपूर्वी ती पावती आमच्याच घरात आली. माझे थोरले दीर, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, कापूस वेचणीच्या दिवसांत गाठोडं उचलताना कंबर धरून खाली बसले. पायात कळ जायला लागली. दोन दिवसांनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तिथून चिठ्ठी मिळाली. वर तपासणीचं नाव, कंबरेचा एमआरआय, आणि खाली सेंटरचं नाव. जाऊबाईंनी चिठ्ठी हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, "कितला पैसा लागतीन?"

घरात कोणालाच उत्तर देता आलं नाही. शहरात गेलो, नंबर लावला, नाव पुकारलं, तेव्हा खिडकीवर कळलं : साडेसहा हजार. जवळ पाच हजार होते. उरलेले भाच्याने मोबाइलवरून पाठवले. आबा आत यंत्रात असताना बाकावर शेजारी बसलेल्या एरंडोलच्या बाईंनी सांगितलं, त्यांच्या मुलाचा कंबरेचाच एमआरआय महिनाभरापूर्वी त्याच शहरात दुसरीकडे चार हजार आठशेत झाला होता. फरक सतराशे रुपयांचा. मधलं अंतर रिक्षाने दहा मिनिटांचं.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने साडेसहा हजार म्हणजे एकवीस दिवसांची मजुरी. सतराशे म्हणजे साडेपाच दिवसांची. भाजी घेताना पाच रुपयांसाठी चार गाड्या फिरणारी आमची माणसं एकवीस दिवसांची मजुरी देताना भाव विचारू शकत नाहीत, कारण भाव कुठे लिहिलेलाच नसतो.

पुढचं थोडक्यात सांगते. रिपोर्टमध्ये एल-४, एल-५ या मणक्यांमधली चकती फुगल्याचं आणि झिजल्याचं लिहिलं होतं. घरात सगळ्यांना वाटलं, मणका गेला, आता ऑपरेशन. चार महिन्यांनी नाशिकला दाखवायला नेलं, तर फिल्म काळवंडलेली. ती पत्र्याच्या घरात ट्रंकेवर ठेवली होती आणि मध्ये आपल्याकडचा उन्हाळा लागला होता. ह्या फिल्म उष्णतेवर उमटवलेल्या असतात आणि उष्णतेनेच बिघडतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. सीडी मागायची असते हे माहीत नव्हतं, आणि ती कोणी दिलीही नव्हती. पुन्हा एमआरआय. पुन्हा पैसे. आणि शेवटी नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनची गरज नाही, वजन उचलू नका, व्यायाम करा. आबा आज शेतात जातात.

या सगळ्यात मी कोणत्या एका डॉक्टरला किंवा सेंटरला दोष द्यायला बसलेले नाही. मला आपणा दोघांना दाखवायचं आहे ते एवढंच, की या खर्चातला मोठा भाग यंत्रामुळे आलेला नव्हता. तो आम्हाला माहिती नसल्यामुळे आला होता. आणि माहिती देणं आपल्या हातात आहे.

प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर एक पाटी असते : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ती पाटी मराठीत असते, दर्शनी असते, आणि तिच्याशिवाय सेंटर चालवता येत नाही. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखालच्या नियमांनी ती सक्तीची केली. तिची गरज आपल्याला इतरांहून जास्त होती. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८४२ मुलीच होत्या. त्या आकड्याने आम्हा शिक्षकांच्या माना खाली गेल्या होत्या, कारण वर्गातल्या मुलींच्या रिकाम्या रांगा आम्ही रोज पाहत होतो. पाटीने सगळं साधलं असं मी म्हणत नाही. पण शासनाने मनात आणलं तर प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर मराठी पाटी लागते, एवढं त्यातून नक्की सिद्ध झालं.

दुसरी पाटी २०२० साली लागली. करोनात छातीचा एचआरसीटी काढायला रांगा लागल्या होत्या आणि जो तो मनाला येईल तो आकडा सांगत होता. तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने दर बांधून दिले. सोळा स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्रावर २,००० रुपये, सोळा ते चौसष्ट स्लाइसच्या यंत्रावर २,५००, आणि त्याहून मोठ्या यंत्रावर ३,०००. फिल्म, जंतुनाशक, पीपीई किट, सगळं त्यात धरलेलं. दर दर्शनी भागात लावायची सक्ती होती, आणि अंमलबजावणी जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्तांकडे होती. म्हणजे आपण आज ज्या खुर्चीत बसला आहात, तिथूनच ते काम झालं. सेंटरं बंद पडली नाहीत. यंत्रं चालू राहिली, रिपोर्ट मिळत राहिले. साथ गेली आणि तो बांधलेला दरही गेला.

मला ठाऊक आहे, तो आदेश साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या कायद्यांच्या बळावर निघाला होता, आणि साध्या दिवसांत खासगी सेंटरचा दर ठरवून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची तरतूद झाली खरी, पण ती खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी. एमआरआय सेंटरमध्ये रुग्ण मुक्कामाला राहत नाही. तो अर्धा तास आत जातो, बाहेर येतो, आणि कायद्याच्या फटीतून निसटतो.

म्हणून मी दर बांधून द्या असं मागत नाही. दर लिहून लावा, एवढंच मागते. हा आग्रह धरायला नवा कायदा लागत नाही. सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंद शासनाकडे आहे. एक्स-रे आणि सीटीला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. म्हणजे बहुतेक यंत्रं कोणाकडे आहेत, याची यादी नव्याने करायची गरज नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांनी आणि दोन्ही महापालिकांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी प्रत्येक सेंटरला एक पत्र पाठवावं आणि दहा नेहमीच्या तपासण्यांचे दर मागवावेत. कॉन्ट्रास्ट म्हणजे डायचं इंजेक्शन द्यावं लागलं तर वेगळे किती, रात्री तातडीने काढलं तर किती, फिल्मचे वेगळे किती, हेही त्यात यावं, कारण खिडकीवरचा आकडा बहुतेक वेळा तिथेच फुगतो. जे सेंटर दर कळवणार नाही त्याच्या नावापुढे "दर कळवला नाही" एवढे तीन शब्द छापावेत. लोकांना ते पुरतील. जळगावात भास्कर मार्केट परिसरात एकाला लागून एक दवाखाने आहेत. तिथे दोन पाट्या शेजारीशेजारी लागल्या की पुढचं काम त्या पाट्या आपोआप करतील.

आता चिठ्ठीविषयी. आबांच्या चिठ्ठीवर सेंटरचं नाव का होतं, हे मला माहीत नाही. चांगल्या यंत्रावर, भरवशाच्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवावं अशी डॉक्टरांची इच्छा असू शकते, आणि तसे डॉक्टर मी पाहिले आहेत. पण "कट" हा शब्द खान्देशातल्या शेतकऱ्यालाही कळतो, तो काही आम्ही घरात बसून तयार केला नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे घेणं किंवा देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांना मना केलेलं आहे. राज्य शासनाला २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, कट प्रॅक्टिस रोखण्याच्या कायद्याचा मसुदाही झाला. तो कायदा अजून आलेला नाही. तो येईल तेव्हा येवो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत तपासणी कुठे करायची हे निवडण्याचा हक्क रुग्णाचा आहे, असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ती सनद २०१९ मध्ये राज्यांना पाठवली. आपण दोन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टरांच्या संघटनांना बोलावून एवढीच विनंती करा, की चिठ्ठीवर तपासणीचं नाव आणि ती का हवी ते लिहावं, आणि सेंटर सुचवायचं असेल तर एकाऐवजी दोन-तीन सुचवावीत. प्रामाणिक डॉक्टरांना याची अडचण वाटणार नाही. उलट त्यांच्यावरचा संशय यानेच उतरेल.

सगळ्यात मोठी बचत मात्र न काढलेल्या स्कॅनमध्ये आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही.

रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड खांद्यावर वाहून ट्रकपर्यंत नेणारे मजूर आहेत. अमळनेर-चोपड्यात कापसाची गाठोडी आहेत, शिरपूर-साक्रीत डोंगरउतारावरची शेती आहे. कंबरदुखी इथे घराघरात आहे. आणि वैद्यकशास्त्र गेली कित्येक वर्षं सांगतं आहे की साध्या कंबरदुखीला पहिले सहा आठवडे स्कॅनची गरज नसते, कारण बहुतेकांचं दुखणं तेवढ्यात उतरतं. २०१५ साली एका अमेरिकी नियतकालिकात एक अभ्यास आला. कंबर मुळीच दुखत नसलेल्या ३,११० माणसांचे स्कॅन त्यात तपासले होते. साठीच्या वयात शंभरातल्या ८८ जणांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या आणि ६९ जणांच्या फुगलेल्या. ऐंशीच्या वयात झीज ९६ जणांना. ही सगळी न दुखणारी माणसं! आबांच्या रिपोर्टमध्ये जे लिहिलं होतं, ते त्यांच्या वयाच्या बहुतेक माणसांच्या कंबरेत निघालं असतं. केसांत जसं पांढरं येतं, तसं. हे आम्हाला त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर पैसे तर वाचले असतेच, चार महिने घरावर जे सावट होतं तेही वाचलं असतं.

याचा अर्थ कंबरेचा स्कॅन कधीच काढू नये असा कोणी घेऊ नये, म्हणून हेही लिहिते. पायातली ताकद जाते आहे, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो आहे, दुखण्यासोबत ताप आहे, कारण नसताना वजन उतरतं आहे, आधी कर्करोग झालेला आहे, किंवा पडून मार लागला आहे, तर एक दिवसही थांबू नये. तिथे पैसे वाचवणं महागात पडतं. या दोन गोष्टींमधला फरक सांगणारा अर्ध्या पानाचा मराठी मजकूर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावता येईल. पावरी, तडवी, अहिराणी बोलणाऱ्यांना तो आशाताई तोंडी सांगतील. त्यांच्याइतकं नीट सांगणारं गावात दुसरं कोणी नाही, हे मी शाळेत असताना अनुभवलं आहे.

आता सरकारी बाजू. इथे तर पाटी लावायला कोणाचीही परवानगी नको.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या विनामूल्य झाल्या. केसपेपरचेही पैसे नाहीत. निर्णय मोठा आहे आणि मी त्याचं मनापासून स्वागत केलं होतं. पण तो त्या विभागाच्या दवाखान्यांपुरता आहे. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही वैद्यकीय शिक्षण विभागाची. जळगावचं जुनं सिव्हिल तर २०१८ मध्ये महाविद्यालय आलं तेव्हा त्याच्याकडे गेलं. लोक अजून त्याला सिव्हिलच म्हणतात. दारात उभ्या असलेल्या माणसाला इमारत दिसते, खातं दिसत नाही. कुठे स्कॅन फुकट, कुठे नाममात्र शुल्क, पिवळ्या शिधापत्रिकेला काय सवलत, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. एखाद्याने सांगितलं "सिव्हिलमध्ये फुकट आहे" आणि तिथे शुल्क मागितलं, की त्याला वाटतं आपल्याला फसवलं. मग तो खासगीत जातो आणि कितीतरी जास्त देतो.

तीच गोष्ट जनआरोग्य योजनेची. धुळे जिल्ह्याला तर या योजनेचा मान पहिल्या दिवसापासून आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. पुढे ती सगळ्या राज्यात आली आणि नंतर तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. अंगीकृत रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या तपासण्या योजनेच्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. तरी माणसं आधी बाहेर हजारो रुपये देऊन स्कॅन काढतात आणि तो घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर येतात. क्रम उलटा होतो. आधी आरोग्यमित्राला भेटा, किंवा योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर विचारा, मग स्कॅनचं बघा, हे वाक्य एसटी स्टँडवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मला पाहायचं आहे.

गरोदर बायांचं वेगळं सांगते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली सोनोग्राफी २०११ पासून विनामूल्य आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानाची खास तपासणी असते. मात्र ज्या दवाखान्यात यंत्र आहे पण ते चालवणारे डॉक्टर ठरावीक वारीच येतात, तिथे तो वार बाहेर लिहिलेला असला पाहिजे. सातव्या महिन्यातली बाई सातपुड्याच्या पायथ्यावरून चोपड्याला येते आणि "सोमवारी या" ऐकून परत जाते. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पण सोबत आलेल्या नवऱ्याची मजुरी बुडते ती पूर्ण.

आणि शेवटी त्या पाकिटाचं. खान्देशातला रुग्ण एका गावी थांबत नाही. शिरपूर-दोंडाईचाचा सुरतेला जातो, चाळीसगावचा नाशिक-संभाजीनगरला, भुसावळचा रेल्वेत बसून मुंबईला. प्रत्येक ठिकाणी जुना स्कॅन लागतो, आणि तो नसला की नवा काढावा लागतो. सीटीचा असेल तर पैशांसोबत किरणोत्सारही दुसऱ्यांदा अंगावर घ्यावा लागतो. फिल्मवर यंत्राने टिपलेल्या चित्रांपैकी थोडीच छापलेली असतात, सीडीत सगळी असतात. ती मागितली तर द्यावी असं ठेवू नका, न मागता द्यावी असं सांगा. मोबाइलवर चित्रं पाठवणारी सेंटरं आता आहेत. मग ते सगळ्यांनी करावं.

माझी मागणी एका कागदाएवढी आहे. दोन्ही जिल्ह्यांचा मिळून एकच तक्ता, कारण आम्ही दोन्हीकडे जातो. त्यात सरकारी दवाखाने, तिथली चालू यंत्रं, वार आणि शुल्क. त्याखाली खासगी सेंटरं आणि त्यांनी स्वतः कळवलेले दर. पाठीमागे अर्धं पान, स्कॅन कधी लगेच काढावा आणि कधी थांबावं याचं. दर सहा महिन्यांनी नवा. तो ग्रामपंचायतीत, आरोग्य केंद्रात, प्रत्येक तालुक्याच्या स्टँडवर लागावा.

येत्या १ मे रोजी प्रत्येक गावात ग्रामसभा आहे. त्या सभेत हा तक्ता मोठ्याने वाचून दाखवण्याचा आदेश आपण दोघांनी काढावा. आमच्या गावात तो वाचायला मी स्वतः उभी राहीन.

आपली,
पारोळ्याची एक निवृत्त शिक्षिका